शिक्षकाची नोकरी करता करता टीव्हीसाठी लिहायला कसं लागायचं

शिकवताय आणि मालिका लिहायची आहे? मग आधी हे लक्षात घ्या की वर्गात तुमचं अर्धं शिक्षण झालेलंच आहे, कारण कंटाळलेल्या चाळीस पोरांना धरून ठेवणं म्हणजेच तर एपिसोड बांधणं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे टीव्ही लेखक जिमी मॅकगव्हर्न आधी शाळेत शिकवायचे, मग 80च्या दशकात 'ब्रुकसाइड' मालिकेसाठी लिहायला लागले आणि 1993 मध्ये त्यांची 'क्रॅकर' ही मालिका आली.

सुरुवात एका सीनपासून करा, अख्ख्या मालिकेपासून नको. वर सीन हेडिंग, म्हणजे आत की बाहेर, जागा कुठली, दिवस की रात्र. मग कॅमेऱ्याला जे दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच लिहायचं. 'राजू घाबरला' असं लिहू नका. राजू म्हणतो "सर, वही घरी राहिली", आणि त्याचा हात दप्तराच्या चेनवर घट्ट दाबलेला, बास, प्रेक्षकाला कळतं! मला तर हीच सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते या कामातली.

साधारण स्क्रिप्टचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट धरा. संवाद मोठ्याने वाचाच, जीभ अडखळली की ते वाक्य कापा. शिक्षकांची एक सवय मात्र नडते, सगळं समजावून सांगायची, पात्रं पण लेक्चर द्यायला लागतात, ती मोडायला वेळ लागतो पण मोडते.

नोकरी लगेच सोडू नका. रोज तासभर लिहा, एक एपिसोड पूर्ण करा, परत लिहून काढा आणि मगच कुणाला तरी वाचायला द्या.