शर्यतीच्या घोड्यांची ओपिऑइड तपासणी: या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

रसायनशास्त्राची पदवी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत येणारे तरुण बहुधा सर्वांत आधी यंत्रांविषयी विचारतात. मी त्यांना प्रथम घोड्याविषयी वाचायला सांगतो. ओपिऑइड म्हणजे अफूतील मॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये. मॉर्फिनने माणसाला गुंगी येते. वेदना नसलेल्या घोड्याला मात्र त्याची पुरेशी मात्रा मिळाली, तर तो शांत होण्याऐवजी अस्वस्थ होतो आणि तबेल्यात सारखा फेऱ्या घालत राहतो. वेदना दबणे आणि हालचाल वाढणे हे दोन्ही परिणाम एकत्र आले की दुखावलेल्या पायाचा घोडाही पूर्ण वेगाने धावतो, आणि तो पाय धावता धावता मोडला तर घोड्याबरोबर जॉकीचाही जीव जाऊ शकतो. या तपासणीचे सगळ्यात मोठे कारण मला हेच वाटते. पैजेच्या पैशाचा प्रश्न त्यानंतर येतो.

शर्यतीनंतर निवडलेल्या घोड्यांचे मूत्र आणि रक्त घेतात, त्याचे दोन भाग करून ते मोहरबंद करतात आणि दुसरा भाग फेरतपासणीसाठी राखून ठेवतात. घोड्याचे शरीर मॉर्फिनचा बराचसा भाग ग्लुकुरोनिक आम्लाशी जोडून मूत्रावाटे बाहेर टाकते. त्यामुळे विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने ही जोडणी आधी तोडावी लागते किंवा जोडलेले रूपच थेट मोजावे लागते. यांपैकी काहीच न करता केवळ मोकळे मॉर्फिन शोधणाऱ्याच्या हाताशी अगदी थोडे लागते. घोड्याचे मूत्र दाट आणि चिकट असते, त्यामुळे निष्कर्षणाची, म्हणजे नमुन्यातून हवे ते द्रव्य वेगळे काढण्याची पायरी माणसाच्या नमुन्यापेक्षा अधिक त्रासाची ठरते. ती कंटाळवाणी वाटली तरी मनापासून शिकावी, कारण पुढचे सारे काम तिच्यावर उभे असते.

प्राथमिक चाळणीसाठी प्रतिपिंडांवर, म्हणजे ठरावीक रेणूला ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनांवर आधारित चाचण्या दीर्घकाळ वापरल्या गेल्या आणि आता बहुतेक ठिकाणी द्रव क्रोमॅटोग्राफीला (मिश्रणातले घटक स्तंभातून वेगवेगळ्या वेळी बाहेर काढणाऱ्या पद्धतीला) जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र) वापरतात. दोहोंची मर्यादा नवख्याने पहिल्या आठवड्यातच समजून घ्यावी. मॉर्फिनसाठी घडवलेले प्रतिपिंड फेंटानिल या कृत्रिम ओपिऑइडला ओळखत नाही, कारण दोघांची रेणूरचना अगदी वेगळी आहे. आणि ठरावीक रेणूंची यादी दिलेला मास स्पेक्ट्रोमीटर यादीबाहेरच्या रेणूकडे पाहतच नाही. डर्मॉर्फिनच्या बाबतीत नेमके हेच घडले. दक्षिण अमेरिकेतील एका बेडकाच्या त्वचेत सापडलेल्या या पेप्टाइडचे वर्णन 1981 साली प्रसिद्ध झाले होते. त्याची साखळी सात अमिनो आम्लांची असून वेदनाशामक म्हणून ते मॉर्फिनपेक्षा कितीतरी प्रबळ आहे. शर्यतीच्या घोड्यांना ते दिले जात असल्याचा संशय असूनही नेहमीच्या चाचण्यांत ते दिसत नव्हते. 2012 साली कोलोरॅडोतील एका प्रयोगशाळेने आपली पद्धत बदलून ते शोधले, तेव्हा अमेरिकेतील काही राज्यांत मिळून 30 हून अधिक घोड्यांच्या नमुन्यांत ते आढळले. म्हणून ‘काही आढळले नाही’ या निष्कर्षाचा अर्थ ‘या पद्धतीला जे दिसू शकते, त्यातले काही आढळले नाही’ एवढाच असतो. अहवालावर सही करताना मी तो एवढाच मानतो.

चाळणीत संशय आला की निश्चिती करावी लागते, आणि इथे घाई अजिबात चालत नाही. मॉर्फिन आणि हायड्रोमॉर्फोन हे दुसरे ओपिऑइड यांचे रेणुसूत्र एकच आहे; दोघांचे रेणुवस्तुमान सुमारे 285 आहे. केवळ वस्तुमान पाहून त्यांच्यात फरक करता येत नाही. स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ आणि यंत्रात रेणू तुटून होणाऱ्या विद्युतभारित तुकड्यांचे (आयनांचे) परस्पर प्रमाण या दोन्ही गोष्टी त्याच फेरीत चालवलेल्या शुद्ध संदर्भद्रव्याशी जुळल्या पाहिजेत, आणि संशयित नमुन्याच्या आधी चालवलेला कोरा (ते द्रव्य नसलेला) नमुना खरोखर कोरा निघाला पाहिजे. आधीच्या तीव्र नमुन्याचा अंश यंत्रात मागे राहिला असेल, तर त्याचा ठपका निरपराध घोड्यावर आणि त्याच्या प्रशिक्षकावर येतो.

प्रत्येक मॉर्फिनमागे सिरिंज असतेच असे नाही. खसखशीच्या झाडाचे अंश खाद्यात मिसळले तरी मॉर्फिन मूत्रात उतरते. इंग्लंडमध्ये 2002 साली हेनेसी गोल्ड कप ही शर्यत जिंकणारा ‘बी माय रॉयल’ हा घोडा दूषित खाद्यातून आलेल्या मॉर्फिनमुळेच अपात्र ठरला होता. मूत्रातील मॉर्फिनसाठी एका मिलिलिटरमागे 30 नॅनोग्रॅम ही आंतरराष्ट्रीय मर्यादा अशा दूषित खाद्याचा विचार करूनच ठेवलेली आहे. याउलट एटॉर्फिनसारखे प्रयोगशाळेत बनवलेले अतिप्रबळ ओपिऑइड घोड्याच्या खाद्यात आपोआप येण्याचा प्रश्नच नसतो.

एटॉर्फिन आणि कारफेंटानिल ही अत्यल्प मात्रेतही जीवघेणी ठरू शकतात, म्हणून त्यांची संदर्भद्रव्ये शक्यतो विरल द्रावणाच्या रूपातच मागवावीत, एकट्याने कधीही हाताळू नयेत आणि नालोक्सोन (ओपिऑइडचा परिणाम उलटवणारे औषध) कुठे ठेवले आहे हे आधीच पाहून ठेवावे. याबाबत वरिष्ठांनी टाळाटाळ केली, तर काम थांबवण्याचा आपला हक्क वापरावा.

चौकशीत प्रश्न बहुधा यंत्राविषयी येत नाहीत. मोहर कोणी तोडली, नमुना रात्री कोणत्या तापमानाला होता, वहीतली खाडाखोड कोणाची, हे विचारले जाते. त्यामुळे नव्या माणसाने सुरुवातीचे काही महिने नमुने स्वीकारण्याच्या टेबलावर मागून घ्यावेत. तिथे मोहरेचा क्रमांक, सोबतचा कागद आणि बाटलीवरची चिठ्ठी ताडून पाहण्याची सवय लागते, आणि जुळत नसलेला नमुना परत ठेवून वरिष्ठांना बोलावण्याचे धैर्यही तिथेच येते.