चेंडू लांब जात नाही? पायांच्या या चुका टाळा

गोल्फमध्ये अंतर कमी पडलं की बहुतेक जण हातांनी जास्त जोर लावतात. ज्यांनी ‘जमिनीला रेटा द्या’ असं कुठेतरी ऐकलेलं असतं, ते ऐन इम्पॅक्टला (क्लब, म्हणजे गोल्फची काठी, चेंडूला लागते त्या क्षणी) उडी मारतात आणि चेंडू टॉप करतात, म्हणजे त्याच्या वरच्या भागावर मारतात. पायांत ताकद असते, चुकते ती वेळ. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी बाजू उलट्या घ्याव्यात.)

पाय जमिनीला जितक्या जोराने रेटतात, तितक्याच जोराने जमीन शरीराला उलट ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम, दुसरं काही नाही. स्विंगमध्ये (क्लब फिरवून फटका मारताना) हा जोर आधी शरीर लक्ष्याकडे सरकवतो, मग कंबर फिरवतो आणि शेवटी वर उचलतो. चांगल्या खेळाडूंमध्ये साधारण हाच क्रम दिसतो. डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून चेंडूकडे येणं, जेमतेम पाव सेकंदाचा असतो, म्हणून सुरुवातीला झालेला उशीर नंतर भरून निघत नाही.

भार डावीकडे उशिरा नेणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, कारण बाकीच्या अनेक चुका हिच्यातून निघतात. आपण बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेणं) पूर्ण करतो, वर क्षणभर थांबतो आणि मग भार हलवायला लागतो. कसलेल्या खेळाडूचा क्लब अजून मागे जात असतानाच त्याच्या पायाखालचा दाब डावीकडे वळू लागलेला असतो. उशीर झाला की क्लब चेंडूच्या मागे जमिनीला लागतो. ते टाळायला हात वर ओढले, तर चेंडू पातळ लागतो, म्हणजे क्लबच्या खालच्या कडेने मध्यावर मारला जातो.

इथे एक गैरसमज होतो. पायाखालचा दाब सरकणं आणि छाती-डोकं डावीकडे झुकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. धड पुढे फेकलं की क्लब उभा खाली येतो, म्हणजे स्लाइसला (चेंडू हवेत उजवीकडे वळण्याला) आमंत्रणच.

तपासायचं असेल तर फटका मारून झाल्यावर शेवटच्या स्थितीत उजवा पाय अलगद उचलून पाहा. तोल मागे गेला तर भार उजवीकडेच राहिला होता. त्यावर उपाय म्हणजे पाऊल टाकण्याचा सराव: सात नंबरचं आयर्न (मध्यम अंतराचा क्लब) घ्या, पाय जुळवून उभे राहा, अर्धा स्विंग घ्या आणि क्लब वर पोहोचण्याआधीच डावं पाऊल लक्ष्याकडे टाका. सुरुवातीला अगदी संथ. चेंडू कुठे जातो ते बघूच नका.

उडीची नक्कल

जस्टिन थॉमस किंवा लेक्सी थॉम्पसन या गोल्फपटूंच्या फटका मारताना टाचा उचललेल्या फोटोंनी बऱ्याच जणांचा स्विंग बिघडवला असेल. टाच उचलली जाणं हा परिणाम आहे. वरच्या दिशेचा जोर शिखर गाठतो तो डाउनस्विंगमध्ये डावा हात जमिनीला समांतर येण्याच्या सुमारास, आणि इम्पॅक्टपर्यंत तो ओसरू लागलेला असतो. त्याआधी शरीर किंचित खाली बसतं, डावा गुडघा वाकतो. वाकलाच नाही तर सरळ काय होणार?

कंबर चेंडूकडे ढकलणं

चवड्यांवर उभं राहून वर रेटा दिला की कंबर चेंडूकडे जाते. हातांना जागा उरत नाही, मग फटका क्लबच्या हीलला (दांड्याकडच्या बाजूला) लागतो, शँक होतो (चेंडू दांड्याच्या बुडाला लागतो) किंवा चेंडू उजवीकडे निसटतो. नितंबांना टेकेल अशी खुर्ची मागे ठेवून सावकाश स्विंग घ्या. डाउनस्विंगमध्ये डावा नितंब खुर्चीला टेकलेला राहिला पाहिजे आणि दाब डाव्या टाचेकडे जाताना जाणवला पाहिजे.

भार न हलवता नुसती कंबर गरकन फिरवणारेही असतात. त्यांचा चेंडू डावीकडे ओढला जातो नाहीतर स्लाइस होतो. त्यांनीही वरचाच पावलाचा सराव करावा.

डावा गुडघा दुखत असेल तर उडीचा नाद सोडा. वळताना आणि सरळ होताना त्यावर मोठा ताण येतो. टायगर वुड्सने २००८ची यूएस ओपन दुखऱ्या डाव्या गुडघ्यानिशी जिंकली आणि त्यानंतर लगेच त्याची शस्त्रक्रिया झाली. डाव्या पायाची बोटं २० ते ३० अंश लक्ष्याकडे उघडी ठेवली की वळणं सोपं जातं. ओल्या गवतावर झिजलेल्या स्पाइक्सनी हे प्रयोग करू नका. पाय घसरला तर रेटा कशाला देणार?

आणि हे सगळं पूर्ण स्विंगसाठी. चिप (हिरवळीजवळचा छोटा फटका) मारताना भार सुरुवातीपासून डाव्या पायावर ठेवा आणि तिथेच राहू द्या.