ठरावाचा सूचक कोण? एम.ए. राज्यशास्त्रात लिंगभाव आणि विविधतेवर प्रकल्प करताना

'पंचायतराजमधील महिलांचा सहभाग : एक अभ्यास' हे शीर्षक एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी दर खेपेला कुणी ना कुणी घेतंच. निष्कर्षही ठरलेला असतो, की सहभाग वाढला आहे पण प्रबोधनाची गरज आहे. हे वाक्य लिहायला गावात जावं लागत नाही, आणि अडचण तिथेच आहे. विषय निवडतानाच तो असा घ्या की गावात गेल्याशिवाय उत्तर मिळूच नये.

आधी शब्द पक्के करा. लिंग म्हणजे शरीराचा भेद, आणि लिंगभाव म्हणजे समाजाने त्या भेदावर रचलेली कामं, मान आणि सत्ता. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो. विविधतेसाठी शेवटी वेगळं प्रकरण जोडू नका. सर्वसाधारण महिला जागेवरची मराठा सदस्य, अनुसूचित जाती महिला जागेवरची सदस्य, तांड्यावरची बंजारा सदस्य आणि मोहल्ल्यातली मुस्लिम सदस्य या चौघींना 'महिला' या एकाच रकान्यात टाकलं की माहिती मेलीच. जात आणि लिंगभाव एकत्र आले की अन्यायाचं रूपच बदलतं. अमेरिकेत कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये या विचाराला 'इंटरसेक्शनॅलिटी' हे नाव दिलं. महाराष्ट्रात दलित स्त्रियांच्या चळवळीनेही तो आपल्या अनुभवातून ठामपणे मांडला आहे.

दुसरी जोडी प्रतिनिधित्वाची. राज्यशास्त्रज्ञ हॅना पिटकिन यांनी 1967 मध्ये प्रतिनिधित्वाचे अनेक अर्थ वेगळे केले. आपल्याला त्यातले दोन पुरतात : प्रतिनिधी कुणासारखा आहे, आणि तो कुणासाठी काम करतो. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली तेव्हा पंचायतींमध्ये महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये त्या निम्म्या केल्या. पहिल्या अर्थाचं उत्तर कायद्याने देऊन टाकलं आहे, त्यावर प्रकल्प खर्ची घालू नका. दुसऱ्या अर्थाचं उत्तर ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या वहीत शोधायचं.

प्रोसिडिंगमध्ये प्रत्येक ठरावाखाली दोन नावं असतात, सूचक म्हणजे ठराव मांडणारा आणि अनुमोदक म्हणजे त्याला पाठिंबा देणारा. एका तालुक्यातल्या चार ग्रामपंचायती घ्या. दोन ठिकाणी महिला सरपंच असावी, दोन ठिकाणी पुरुष. लोकसंख्या साधारण सारखी हवी. दोन वर्षांच्या मासिक सभा म्हणजे प्रत्येक गावाच्या 24. वहीत सहा रकाने आखा : तारीख, विषय, सूचक, अनुमोदक, त्यांचा प्रवर्ग, आणि ठरावाचं पुढे काय झालं. समजा सात सदस्यांत चार महिला आहेत आणि 160 ठरावांपैकी 58 ठिकाणी सूचक महिला आहे. जागांचा वाटा 57 टक्के, सूचकांचा 36 टक्के. आता त्या 58 ची फोड करा. त्यातले 41 एकाच बाईच्या नावावर असतील आणि अनुसूचित जाती महिला जागेवरच्या सदस्याचं नाव फक्त दोनदा असेल, तर प्रकल्पाचा खरा प्रश्न सापडला.

मात्र या आकड्यावर लगेच विसंबू नका. अनेक ठिकाणी ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) सूचक-अनुमोदकाची नावं स्वतःच आळीपाळीने भरतो, म्हणजे सभेत नसलेली समानता कागदावर दिसते. त्यासाठी परवानगी घेऊन निदान दोन सभांना बसा. कोण खुर्चीवर, कोण सतरंजीवर, कोण दाराशी, याचा कच्चा नकाशा काढा. कोण किती वेळा बोललं, कुणाचं बोलणं मध्येच तोडलं गेलं, हे रेघा मारून मोजा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिची नोंदवही जरूर मागा. महिला सभेच्या आणि ग्रामसभेच्या सह्या एकाच क्रमाने, एकाच शाईत असतील तर तेवढी नोंद घ्या. आरोप करू नका.

दप्तर मिळवायला पहिल्या भेटीत विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा आणि तिथे बसूनच वही वाचू द्या म्हणा. माहिती अधिकाराचा अर्ज आधी टाकला की माणसं बिथरतात आणि पुढच्या मुलाखती हातच्या जातात. काहीच हलेना तेव्हाच अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. उत्तराची मुदत 30 दिवस, हे दिवस वेळापत्रकात धरा.

वेळापत्रकाची सगळ्यात मोठी चूक मराठवाड्यात ऋतूची होते. बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या कितीतरी गावांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोड्या जातात. इकडे जोडीला कोयता म्हणतात, म्हणजे बाईची मजुरी नवऱ्याच्या हिशेबातच मोजली जाते. या जोड्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. चौथ्या सत्रात, जानेवारीत, मुलाखतींना गेलात तर घरांना कुलपं आणि ओट्यावर म्हातारी माणसं. मग नमुन्यात जमीनवाल्या घरांच्या बायका जास्त येतात, आणि तुमचा निष्कर्ष त्यांचाच होतो. क्षेत्रकार्य तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच, जुलै ते सप्टेंबरमध्ये उरका. 26 जानेवारीची ग्रामसभाही याच कारणाने तपासण्यासारखी आहे. गणपूर्तीला, म्हणजे सभा वैध ठरायला, 15 टक्के किंवा 100 मतदार, यातले जे कमी असतील ते लागतात. अर्धा तांडा बाहेर असताना ती कुणी भरली, हे हजेरीत दिसतं.

मुलाखती 20 ते 24 पुरतात. त्याआधी तीन चाचणी मुलाखती घ्या आणि त्या मुख्य नमुन्यात मोजू नका. घरी गेलात की नवरा, दीर किंवा मुलगा उत्तर देणार. त्याला बाजूला करायच्या फंदात पडू नका. आधी त्याची वेगळी मुलाखत घ्या, म्हणजे मान राहतो. मग बाईंना बचत गटाच्या बैठकीनंतर किंवा शेताच्या वाटेवर भेटा. 'तुम्ही निर्णय स्वतः घेता का?' असं विचारलं तर 'हो' हेच उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा, 'मागच्या मासिक सभेत कोणते विषय होते? त्यातला तुम्ही कोणता मांडला? मग काय झालं? चेकवर सही कुठे बसून केली?' तारीख आणि जागा विचारली की आठवण बोलू लागते.

'सरपंचपती', म्हणजे सरपंच बाईच्या नावाने कारभार करणारा नवरा, हा शब्दही जपून वापरा. नवरा मोटारसायकलवर पंचायत समितीत नेऊन सोडतो ही मदत, आणि शिक्का स्वतःच्या खिशात ठेवतो ही सत्ता. दोन्हींची नोंद वेगळी हवी. पुरुष सरपंचामागेही भाऊबंद आणि पुढारी असतातच, तोच प्रश्न त्यांनाही विचारा. नाहीतर अभ्यास बायकांच्या उणिवा मोजणारा होतो.

दोन कार्यकाळांची तुलना करणार असाल तर सरपंच निवडीची पद्धत तपासा. थेट निवड 2017 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली, 2022 मध्ये परत आली. जनतेतून निवडलेली बाई आणि सदस्यांनी निवडलेली बाई यांचा आधार वेगळा असतो. आरक्षणाच्या सोडतीमुळे पद दर वेळी फिरतं, त्यामुळे नीट काम केलेल्या बाईला पुढच्या खेपेला उभं राहायला जागाच उरत नाही असंही होतं. पूर्वी सरपंच राहिलेल्या दोघी-तिघी म्हणून नमुन्यात हव्यातच.

लिंगभाव म्हणजे फक्त स्त्रिया नव्हेत. 2021 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जळगाव जिल्ह्यातल्या एका तृतीयपंथी उमेदवाराला ग्रामपंचायतीत महिला प्रवर्गातून लढण्याची मुभा दिली. आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा तृतीयपंथीयांचा हक्क मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नाल्सा निकालासोबत तो निकाल वाचलात तर 'महिला जागा' या शब्दाचा अर्थ कोण ठरवतं, यावर स्वतंत्र प्रकल्प उभा राहतो. गावात न जाता, ग्रंथालयात बसून होणारा हा अपवाद.

नावं बदलून ओळख लपत नाही. गावात सरपंच एकच असते. प्रवर्ग आणि कार्यकाळ लिहिला की तालुका तिला ओळखतो. गाव 'अ', 'ब' असं लिहा, तालुका गाळा, लोकसंख्या हजाराच्या टप्प्यात द्या. ध्वनिमुद्रणाची परवानगी सुरुवातीला घ्या आणि शेवटी पुन्हा विचारा, कारण नको ते बोलून गेल्याचं तेव्हा लक्षात येतं. प्रकल्प सादर करण्याआधी दोन पानांचा सारांश सोप्या मराठीत लिहून सदस्य बायकांना एकेकीला वाचून दाखवा. कुणी म्हणाली 'मी असं म्हटलंच नव्हतं', तर तिचं म्हणणं तारखेसह त्याच प्रकरणात घाला.