स्तनाच्या कर्करोगानंतर बसून राहणं कसं कमी करावं

उपचार संपवून बाई घरी आली की सगळं घर तिला बसवून ठेवतं. ‘आई, तू उठू नकोस, मी आणते.’ माया खरी असते, पण महिनोन्‌महिने हेच चाललं तर हृदयाचं नुकसान होतं. उपचारांचा ताण त्यानं आधीच सोसलेला असतो. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे केमोतलं ते लाल औषध, हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं. ट्रास्टुझुमॅब या स्तनाच्या काही कर्करोगांवरच्या औषधानं हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद घटू शकते. डाव्या बाजूच्या रेडिएशनची थोडी झळ हृदयालाही लागते.

१. फाइल काढा. कोणतं केमो, एकूण किती डोस, रेडिएशन कोणत्या बाजूला, हे एका कागदावर उतरवा आणि डॉक्टरांना दाखवा. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुन्हा कधी करायची, ते विचारून घ्या. आजार हाडांत गेला असेल किंवा तळपाय बधिर होत असतील तर व्यायामाआधी सांगाच; तोल जाऊन पडण्याची भीती असते.

२. बसण्याचा हिशेब मांडा. दोन दिवस वहीत लिहा: टीव्ही, मोबाइल, जेवण, रिक्षा. झोप धरू नका. सकाळी अर्धा तास फिरून आलेली बाईसुद्धा पुढचे आठ-दहा तास सोफ्यावर काढू शकते, आणि त्या फेरीनं हे बसणं पुरतं भरून निघत नाही.

३. बैठक मोडा. अर्ध्या-पाऊण तासानं उठायचं. फोन आला की उभं राहून बोला. मेथी ओट्यापाशी उभ्यानं निवडा. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवू नका. मालिकेत जाहिराती लागल्या की घरात एक फेरी मारा. घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं: तिच्या हातातलं काम काढून घेण्याऐवजी तिच्यासोबत चालायला निघा.

४. खुर्चीवरून उठबस करा. मला हा व्यायाम सगळ्यात मोलाचा वाटतो. बिनचाकाची खुर्ची भिंतीला टेकवा. पुढच्या कडेवर बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, थोडं पुढे झुका आणि हातांचा जोर न लावता उठा. उठताना श्वास सोडा, कोंडू नका. बसताना धपकन नको, सावकाश. सुरुवातीला पाच वेळा पुरे. जमत नसेल तर खुर्चीखाली जाड उशी नको, खुर्चीवर ठेवा, म्हणजे बैठक उंच होते. मांडीचे मोठे स्नायू हलले की रक्तातली साखर आणि चरबी खर्ची पडते.

५. चालणं वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, कर्करोगातून बाहेर पडलेल्यांनाही. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग ठेवा. एकदम नको, दहा मिनिटांपासून सुरुवात करा.

काखेतल्या ग्रंथी काढल्यावर हात सुजेल म्हणून वजन उचलायला बायका घाबरतात. प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून हळूहळू वाढवत गेलं तर सूज बळावत नाही, हे अमेरिकेतल्या २००९ सालच्या एका चाचणीत दिसलं.

थकवा येईल, केमोनंतरचा थकवा नुसत्या झोपून राहण्यानं जात नाही. पण छातीत दुखलं, नेहमीच्या जिन्यावर धाप लागली, आडवं होताच दम लागला किंवा दोन्ही पाय सुजले, तर व्यायाम तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.