डेटा इम्पोर्ट हँडलर गेल्यावर सोलरचं मॅन्युअल कसं दुरुस्त करायचं

ऊसनोंदणी, पतसंस्थेचे सभासद, वाचनालयाची पुस्तकं, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे पॅटर्न नंबर. यादी कुठलीही असो, डेटाबेसमधली माहिती अपाची सोलर या शोधाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायची तर बरीच वर्षं त्यातल्या डेटा इम्पोर्ट हँडलर या सोयीकडेच बोट दाखवलं जायचं. सोलर ८.६ मध्ये, म्हणजे २०२० साली, तो कालबाह्य ठरवला गेला आणि मे २०२२ मध्ये आलेल्या ९.० मधून काढूनच टाकला. बाहेर वेगळं पॅकेज म्हणून तो मिळतो, पण सोलरच्या वितरणाचा तो भाग राहिलेला नाही. अशा वेळी मॅन्युअलमधलं ते प्रकरण पुसलं की काम झालं असं वाटतं. खरं तर प्रकरण पुसणं हा सगळ्यात सोपा भाग. त्याच्या भरवशावर लिहिलेल्या बाकीच्या पानांचं काय करायचं, हे मुख्य काम आहे.

सुरुवात आवृत्तीपासून करा. ज्यांचं सोलर अजून ८.११ वर आहे त्यांना जुनं मॅन्युअल जसंच्या तसं लागतं. म्हणून गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) ८.११ ची शाखा वेगळी ठेवा आणि सगळी काटछाट ९ च्या शाखेतच करा. एकाच पानावर ‘८ मध्ये असं, ९ मध्ये तसं’ लिहायचा मोह टाळा. संध्याकाळी ऑफिस बंद करायच्या घाईत असलेला ऑपरेटर हमखास चुकीचा परिच्छेद वापरतो.

उल्लेख शोधणं

पूर्ण नावानं शोधून निम्मेसुद्धा उल्लेख सापडत नाहीत. डीआयएच हे लघुरूप, ‘/डेटाइम्पोर्ट’ हा पत्ता, कॉन्फिग फाइलचं नाव, फुल-इम्पोर्ट (सगळं भरणं) आणि डेल्टा-इम्पोर्ट (फक्त बदललेलं भरणं) या कमांड, एसक्यूएल, एक्सपाथ आणि टिका यांचे एंटिटी प्रोसेसर, तारीख आणि रेजेक्सचे ट्रान्सफॉर्मर, सोबत येणारं डीआयएचचं उदाहरण, जेडीबीसी ड्रायव्हरची जार कुठे ठेवायची ती ओळ: हे सगळे शब्द आधी एका फाइलीत लिहून घ्या आणि ती फाइल देऊनच ग्रेप (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) चालवा. इंग्रजी मॅन्युअलचं एवढ्यावर भागतं.

मराठी मॅन्युअलमध्ये मात्र एकच शब्द स्क्रीनवर सारखा दिसतो आणि आत वेगळा असतो. ‘ॲडमिन’मधला पहिला स्वर कोणी एकाच युनिकोड अक्षरात टाइप केलेला असतो, कोणी ‘अ’ला वर चंद्र जोडून, तर कोणी हिंदी पद्धतीचा ‘ऍ’ वापरून. युनिकोड नॉर्मलायझेशन केलं तरी हे तीन प्रकार एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत. ‘हँडलर’चंही तसंच: चंद्रबिंदू एकच चिन्ह म्हणून, किंवा चंद्र आणि अनुस्वार अशी दोन चिन्हं. इम्पोर्ट, इंपोर्ट, आयात हे भेद आणखी वेगळे. प्रत्येक रूप त्या शब्दयादीत टाका. आधी सगळ्या फाइली एका ठरलेल्या रूपात आणणाऱ्या छोट्या स्क्रिप्टवर अर्धा दिवस घालवलात तर फारच छान, पुढच्या वेळीही ती कामाला येते.

जुन्या पीडीएफ वेगळ्या काढून ठेवा. मराठी पान श्रीलिपीत आणि कन्नड पान नुडीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेलं असेल, तर डोळ्यांना बरोबर दिसणारा मजकूर शोधाला सापडत नाही. ती पानं डोळ्यांनीच वाचावी लागतात. स्क्रीनशॉटही तसेच. सोलरच्या ॲडमिन स्क्रीनवर कोअर (एक स्वतंत्र शोधसंच) निवडल्यावर डावीकडच्या यादीत डेटाइम्पोर्ट दिसायचं, त्यामुळे ज्या पानाचा इम्पोर्टशी काहीएक संबंध नाही, त्या पानावरच्या चित्रातही ते असतं. ९ च्या स्क्रीनवर ते दिसत नाही म्हटल्यावर वाचक गोंधळतो. चित्र नव्यानं घ्या.

सापडलेली प्रत्येक ओळ एका शीटमध्ये टाका: फाइल, ओळ, निर्णय. निर्णय तीनच असू शकतात. काढायचं, बदलायचं, किंवा फक्त ८.११ च्या पानाची लिंक द्यायची. ‘नंतर बघू’ हा रकाना करू नका, सगळं त्यातच साचतं.

बदली मजकूर

नुसतं ‘आता स्वतःची स्क्रिप्ट लिहा’ एवढं लिहिणं म्हणजे वाचकाला वाऱ्यावर सोडणं. हँडलर न सांगता बऱ्याच गोष्टी करत होता. त्या आता कोण करणार, हे नव्या पानानं सांगायला हवं.

पाया सोपा आहे. स्क्रिप्टनं डेटाबेसमधून नोंदी वाचायच्या, ५०० ते १००० च्या गठ्ठ्यांत जेसन या मजकुरी स्वरूपात सोलरच्या ‘/अपडेट’ पत्त्यावर पाठवायच्या आणि कमिटविदिन (नोंदी किती वेळात शोधात दिसायला लागाव्यात ती मर्यादा) १०००० मिलिसेकंद ठेवायचं. प्रत्येक गठ्ठ्यानंतर कमिट करायला सांगू नका, त्यानं शोध मंदावतो. जेडीबीसीची जार आता सोलरमध्ये लागत नाही. ती ओळ मॅन्युअलमधून काढाच.

पहिली अडचण काढून टाकलेल्या नोंदींची. फुल-इम्पोर्ट मुळातच आधी इंडेक्स (सोलरची शोधयादी) साफ करून मग भरायचा. नवी स्क्रिप्ट फक्त भर घालते. परिणामी संस्थेतून नाव कमी झालेला सभासद शोधात दिसतच राहतो. उपाय असा: प्रत्येक नोंदीवर त्या फेरीचा शिक्का म्हणून एक फील्ड ठेवायचं आणि फेरी संपल्यावर जुन्या शिक्क्याच्या नोंदी डिलीट करायच्या. मॅन्युअलमध्ये याला जोडून ठळक अक्षरांत लिहा: डेटाबेसमधली संख्या आणि पाठवलेली संख्या जुळल्याशिवाय डिलीट करायचं नाही. वीज जाऊन फेरी अर्ध्यावर तुटली आणि डिलीट मात्र चाललं, तर अर्धी यादी गायब होते. हँडलर चूक झाल्यावर रोलबॅक करायचा, म्हणजे बदल मागे घ्यायचा; स्क्रिप्ट आपणहून तसं काही करत नाही.

दुसरी अडचण वेळेची. डेल्टा-इम्पोर्ट शेवटच्या फेरीची वेळ एका प्रॉपर्टीज फाइलीत लिहून ठेवायचा. आता ती आपण ठेवायची. फेरी सुरू झाल्याची वेळ टिपायची, संपल्याची नव्हे. नाहीतर फेरी चालू असताना बदललेल्या नोंदी कायमच्या सुटतात. आणि ती वेळ फेरी यशस्वी झाल्यावरच फाइलीत लिहायची. सोलर तारखा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतो, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. डेटाबेस यूटीसीत आणि स्क्रिप्टनं टिपलेली वेळ भारतीय असेल, तर दर फेरीला साडेपाच तासांतले बदल निसटतात. उलट असेल तर काही नोंदी दोनदा येतात, त्यानं बिघडत काही नाही. कुठलं घड्याळ वापरायचं हे पानावर एका वाक्यात ठरवून टाका.

तिसरी अडचण क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीची. हँडलरला स्वतःचं वेळापत्रक नव्हतं, म्हणून लोकांनी क्रॉनमध्ये कर्लची (पत्त्यावर विनंती पाठवणाऱ्या कमांडची) ओळ टाकलेली असते. अपग्रेडनंतर त्या पत्त्यावरून ४०४ (पान सापडत नाही) येतो, पण कर्ल ४०४ ला चूक मानत नाही. क्रॉन गप्प, ऑपरेटर निवांत, शोध मात्र जुनाच. जुनी ओळ काढायला सांगा, आणि नव्या ओळीत कर्ल वापरत असाल तर ‘फेल’ हा पर्याय जोडा. मग चुकीला २२ हा एक्झिट कोड मिळतो आणि इशारा पाठवता येतो.

कॉन्फिगमध्ये हँडलरची नोंद राहून गेली तर ९ वर क्लास सापडत नाही आणि तो कोअर सुरूच होत नाही. हा एरर स्क्रीनवर जसा येतो तसा, इंग्रजीत, अक्षर न बदलता पानावर टाका. अडलेला माणूस तीच ओळ कॉपी करून शोधणार. तिचं मराठी भाषांतर खाली दिलं तरी चालेल, पण मूळ ओळीच्या जागी देऊ नका.

सोय का काढली, याला दोन वाक्यं पुरतात. हँडलर सोलरच्याच प्रोसेसमध्ये चालायचा आणि शोधावर भार टाकायचा. शिवाय २०१९ मध्ये त्याच्या डेटाकॉन्फिग पॅरामीटरमधून बाहेरचा कोड चालवता येतो हे उघड झालं आणि ८.२ पासून तो पॅरामीटर मुळातच बंद ठेवला गेला. ‘जुनंच बरं होतं’ म्हणणाऱ्याला एवढं कारण पटतं.

जुना पत्ता

पान उडवून ४०४ ठेवू नका, आणि मुखपृष्ठावरही वळवू नका. जुना पत्ता नव्या ‘डेटाबेसमधून नोंदी आणणे’ या पानावर वळवा. अँटोरा हे मॅन्युअलची साइट बनवायचं साधन वापरत असाल तर नव्या पानाच्या डोक्यावर पेज-एलियसमध्ये जुन्या पानाचं नाव द्या, साधी वेबसाइट असेल तर ३०१ (कायमचं वळवणं) लावा. त्या पानाच्या सुरुवातीला एवढा मजकूर पुरे:

*डेटा इम्पोर्ट हँडलर सोलर ९.० पासून उपलब्ध नाही. तुमचं सोलर ८.११ किंवा त्याआधीचं असेल तर ८.११ चं मॅन्युअल पाहा. ९ वर जाण्याआधी कॉन्फिगमधली हँडलरची नोंद आणि क्रॉनमधली ओळ काढा.*

नेव्हिगेशन, शब्दसूची आणि अपग्रेडच्या नोंदी त्याच बदलात दुरुस्त करा. मॅन्युअलच्या साइटचा स्वतःचा शोध नव्यानं इंडेक्स करायलाही विसरू नका. शोधाच्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल आणि त्याच्याच शोधात मेलेलं पान, हे शोभत नाही.

तीन भाषा

आपल्याकडे इंग्रजी पान सुधारलं जातं, आणि मराठी, कन्नड पानं मागे राहतात. प्रत्येक भाषांतरित पानाच्या डोक्यावर ते मूळच्या कोणत्या कमिटवरून (गिटमधल्या नोंदीवरून) केलं हे लिहून ठेवा. मूळ पुढे गेलं की फरक लगेच दिसतो. कन्नड भाषांतर करणाऱ्याला सवड नसेल तर पूर्ण पानासाठी अडून बसू नका. वरची सूचना तिन्ही भाषांत एकदाच नीट करून घ्या आणि त्याच दिवशी जुन्या पानावर चिकटवा. जुनं कन्नड पान सूचनेशिवाय ठेवण्यापेक्षा सूचनेसह अर्धवट ठेवणं परवडतं.

कमांड तिन्ही भाषांत एकाच फाइलीतून येऊ द्या. या लेखात आकडे मराठीत आहेत, पण कमांडमधला पोर्ट क्रमांक मराठी किंवा कन्नड आकड्यांत गेला तर ती चालत नाही. वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं आणि दोन छोट्या रेघांची झालेली एक लांब रेघ, यांनीही तेच होतं.

छापील कागद विसरले जातात. काउंटरवर चिकटवलेला लॅमिनेट केलेला तक्ता, व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ. इथून पुढे प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती आणि तारीख टाका, आणि अपग्रेडला जाणाऱ्या माणसाच्या हाती नवा तक्ताच द्या.

तपासणी

आधी साइट बिल्ड करून तुटलेल्या लिंक तपासा. मग कोऱ्या मशीनवर सोलर ९ टाका आणि ज्यानं पान लिहिलेलं नाही अशा माणसाला, तोंडी मदत न करता, त्यातल्या पायऱ्या करू द्या. नमुन्याला वीस नोंदी पुरतात, पण त्या इथल्याच असू द्या: येळ्ळूर, कडोली, खानापूर, संकेश्वर. काही नोंदींत बेळगाव आणि काहींत बेळगावी ठेवा, म्हणजे समानार्थी शब्दांची फाइल नव्या मार्गानंही लागू होते का ते कळेल. १ नोव्हेंबर २०१४ च्या नामांतरानंतर दोन्ही नावं बहुतेक याद्यांत मिसळलेली असतात. एक नोंद डेटाबेसमधून काढा, स्क्रिप्ट पुन्हा चालवा आणि ती शोधातून गेली का पाहा. एक नोंद बदलून डेल्टा तपासा. शेवटी स्क्रिप्ट मध्येच थांबवा: डिलीट चालता कामा नये.

साखर कारखान्याचं काम असेल तर नवं मॅन्युअल आणि अपग्रेड दोन्ही गळीत हंगामाआधी, पावसाळ्यातच उरका. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झालं की ऊसनोंदणीच्या शोधाला हात लावायला कोणी परवानगी देत नाही.