पुळणीवरच्या लाकडाचं काष्ठशिल्प: पटाशी उचलण्याआधीची तयारी

नारळी पौर्णिमा झाली, गणपती गावी गेले आणि पावसानं हात आखडता घेतला की कोकणातल्या पुळणींवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांवर, लाकूड दिसायला लागतं. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, गड, तेरेखोल या नद्या पावसाळाभर सह्याद्रीच्या उतारावरून जे ओढून आणतात ते समुद्रात जातं, लाटांत घासलं जातं आणि त्यातलं थोडं पुन्हा किनाऱ्याला लागतं. काष्ठशिल्प करायचं मनात असेल तर गोळा करायला हाच हंगाम. मात्र उचललं, घरी आणलं आणि लगेच पटाशी लावली, असं करू नका. या कलेतलं निम्म्याहून जास्त काम हत्यार हातात घेण्याआधीचं असतं आणि शिल्प टिकणार की नाही हेही तिथेच ठरतं.

सुरुवात पंचांगापासून करा. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि तिथून सव्वासहा तासांनी पाणी पार खाली. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकही पाहून ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात लाटा सर्वांत वरपर्यंत पोचतात आणि ओंडके तिथेच सोडून जातात. त्यामुळे मला त्यानंतरची द्वितीया-तृतीया सर्वांत सोयीची वाटते. लाकूड वर येऊन पडलेलं असतं आणि सकाळी पावणेआठ-साडेआठच्या सुमाराला ओहोटी असते, म्हणजे खडकांच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या पुळणीतही जाता येतं. परतायची वेळ निघतानाच ठरवून ठेवा. चढत्या पाण्यात खांद्यावर ओंडका घेऊन खडक ओलांडायचा नसतो.

निघण्यापूर्वी परवानगीचा विचार करा. पुळणीवर पडलेलं लाकूड कुणाचंच नसतं, हा समज चुकीचा आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४५ प्रमाणे वाहत आलेलं, किनाऱ्याला लागलेलं किंवा बुडालेलं इमारती लाकूड, कुणी आपला हक्क सिद्ध करेपर्यंत, सरकारचं मानलं जातं. हातात मावणारी मुळं, काटक्या, गाठी यांवरून कुणी हटकल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण सागाचा किंवा खैराचा मोठा ओंडका दिसला तर वनरक्षकाला कळवा, विचारा, आणि न्यायचा असेल तर लेखी घेऊनच न्या. कांदळवनातलं, म्हणजे खारफुटीतलं, तर वाळलेलं खोडही जागच्या जागी राहू द्या. कांदळवनं संरक्षित आहेत आणि पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळालाय. त्या मेलेल्या खोडांच्या आधारानं खेकडे आणि शंखशिंपले जगतात. तुटक्या होडीच्या फळ्या दिसल्या तर कोळीवाड्यात जाऊन विचारा. मोडलेल्या होडीलाही मालक असतो, आणि दर वेळी त्यानं ती टाकून दिलेली असते असं नाही. नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. त्या दिवसांत वाळूत खणू नका, ओंडका फरफटत नेऊ नका, आणि आधी घरट्यांची राखण करणाऱ्या तिथल्या कासवमित्रांना भेटा.

सोबत फार काही लागत नाही. जाड हातमोजे, बंद बूट, छोटी करवत, सुती दोरी, गोणपाट, पाणी आणि एक मजबूत काठी. काठी विसरू नका. पुरानंतर पोकळ ओंडक्यात काय बसलं असेल सांगता येत नाही, आणि रत्नागिरीकडे फुरशाची, या छोट्या विषारी सापाची, भीती खरी आहे. ओंडका आधी काठीनं ठोकायचा, मग पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खाली जे असेल ते समोरच्या बाजूनं निघून जातं. गंजके खिळे आणि फुटकी काच सगळीकडे असते, तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. काळा चिकट डिंक सुटलेलं अनोळखी लाकूड उघड्या हातानं धरू नका. बिब्ब्यानं अंगावर फोड उठतात.

आता निवड. बोटाच्या पेरानं टकटक करून ऐका. टणक, मोकळा आवाज आला तर आतून शाबूत, भद्द आला तर कुजलेलं. मग टोचा दाबून पाहा. सहज आत गेला तर ते लाकूड तिथेच राहू द्या, किनाऱ्याला त्याचा उपयोग आहे. सुरू जड आणि चिवट असतो, त्याच्या मुळांना सुरेख पीळ असतात. किनाऱ्यावर सुरूची बनं भरपूर असल्यामुळे तो सापडतोही पुष्कळ. खैराचा गाभा लालसर आणि अतिशय टिकाऊ. उंडीचे रेषे एकमेकांत गुंतलेले, त्यामुळे तासायला त्रास देते पण फाटत नाही. नारळाच्या खोडाला गाभा असा नसतोच. बाहेरचा भाग कठीण, आतला भुसभुशीत, म्हणून त्यातून फक्त बाहेरच्या कवचाचे तुकडे घ्यावेत. सावर आणि पांगारा हातात हलके लागतात म्हणून मोह होतो, पण ते लवकर कुजतात. मी ते उचलत नाही. काही लाकडांवर बोटभर रुंदीची गोल भोकं दिसतात आणि आत पांढरा चुनखडी अस्तर असलेला बोगदा असतो. ते काम किड्याचं नाही, शिंपल्याच्या कुळातल्या एका लांबट प्राण्याचं आहे. होड्यांचा तो शत्रू, पण घरी आणलेल्या कोरड्या लाकडात तो जगत नाही. ती भोकं बुजवू नका. समुद्रानं केलेलं ते कोरीवकाम आहे.

घरी आल्यावर सर्वांत महत्त्वाची तयारी मीठ काढण्याची. बहुतेक जण ती टाळतात, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढू लागतं, आणि कोकणात पावसाळ्यात आर्द्रता तेवढी जातेच. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच मीठ न काढलेल्या शिल्पालाही सुटतं. वरचा तेलाचा किंवा पॉलिशचा थर फुगतो, डिंकाचे सांधे सुटतात, लोखंडी स्क्रू असला तर तो गंजून भोवतीचं लाकूड काळं पडतं. म्हणून प्लास्टिकचं मोठं पिंप घ्या. लोखंडी नको, कारण लाकडातला टॅनिन हा तुरट अंश आणि लोखंड एकत्र आले की शाईसारखे डाग पडतात आणि ते सहजी निघत नाहीत. लाकूड पिंपात पूर्ण बुडेल असं दगडानं दाबा. पहिल्या आठवड्यात रोज पाणी बदला, नंतर दोन-तीन दिवसांआड.

मीठ संपलं हे कळायला पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा घरातला टीडीएस मीटर पुरतो. विहिरीच्या किंवा नळाच्या ताज्या पाण्याचा आकडा आधी लिहून ठेवा. पिंपात दोन दिवस राहिलेल्या पाण्याचा आकडा त्याच्या जवळपास येऊन थांबला की काम झालं. पातळ काटक्यांना पंधरवडा पुरेल, मांडीएवढ्या मुळाला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पिंपावर पातळ कापड बांधायला विसरू नका, नाहीतर डास होतील. घाई नसेल तर याहून सोपा उपाय आपल्या घरांनाच ठाऊक आहे. ऑक्टोबरात आणलेलं लाकूड पुढच्या जूनमध्ये पागोळ्यांखाली मांडायचं आणि पावसाळाभर फिरवत राहायचं. पावसाचं पाणी फुकट मिळतं आणि त्यात मीठ नसतं.

कीड बघा. लाकूड काळ्या कागदावर आठवडाभर ठेवा. बारीक पिवळसर पीठ पडलं तर आत भुंगेरे जिवंत आहेत. लहान तुकडे प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये आठ-दहा दिवस ठेवता येतात. मोठ्यांसाठी बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स १:१.५ या प्रमाणात घेऊन पाच-सहा टक्क्यांचं द्रावण करा आणि ते मिठाचं पाणी उतरल्यावर, लाकूड ओलसर असतानाच मुरवा. रंगवलेल्या होडीच्या फळीवर मात्र काचकागद फिरवण्याआधी नीट विचार करा. जुन्या रंगात शिसं, तळाच्या रंगात तांबं असू शकतं. एन-९५ मास्क घाला, ओलं घासा, धूळ पुसून वेगळी टाका. उरलेले तुकडे चुलीत घालू नका. खारं लाकूड जाळल्यावर निघणारा धूर विषारी असतो, मग ज्वाळेचा निळा-हिरवा रंग कितीही देखणा असो.

सुकवणं सावलीत आणि वाऱ्यावर. उन्हात ठेवलं की टोकं तडकतात. कापलेल्या टोकांना वितळवलेलं मेण लावा, जमिनीपासून पट्ट्यांवर उचलून ठेवा. बॅगा तोलायच्या छोट्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड सुकलं. याहून भरवशाची खूण मला माहीत नाही.

लाकूड सुकत असतानाच पाहायचं काम सुरू करा. मला या सगळ्यात हेच सर्वांत प्रिय. आंजर्ल्याच्या पुळणीवर मिळालेलं सुरूचं एक मूळ माझ्या ओट्यावर आहे. वरून गुळगुळीत, राखाडी, हात फिरवला तर रेशमी लागतं. खालच्या बाजूला बार्नेकलची, म्हणजे खडकांना-लाकडांना चिकटून राहणाऱ्या कवचाच्या जिवांची, पांढरी वर्तुळं, मध्ये दोन मुळं एकमेकांना दाबून वाढलेली, आणि त्या दाबात एक काळा खडा असा अडकलाय की तो काढायचा तर मूळच मोडावं लागेल. उजवीकडून ते पाण्यावर वाकलेलं जनावर वाटतं, उलटं धरलं की कुणीतरी गुडघ्यांवर हात ठेवून बसलंय. असं मूळ रोज वेगळ्या बाजूनं ठेवा. संध्याकाळी खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत टाका आणि भिंतीवरची सावली पाहा, कारण सावलीत तपशील जातात आणि आकार उरतो. फोटो काढून काळा-पांढरा करा. एक ठाम आकार अनेक दिवस डोळ्यांसमोर टिकला तरच कापायचं ठरवा.

बंगाली चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांनी (१८७१–१९५१) उतारवयात वाळक्या फांद्या, मुळं आणि टाकाऊ लाकूड यांतून छोटे आकार केले, त्यांना ते ‘कुटुम-काटाम’ म्हणत. त्यांत हत्यारापेक्षा नजरेचा वाटा मोठा आहे. मला तोच मार्ग पटतो. डोळे चिकटवणं, चोच रंगवणं, चकचकीत वॉर्निश मारणं यानं लाकूड बोलायचं थांबतं. दुसरा मार्ग अनेक तुकडे जोडण्याचा. इंग्लंडच्या हेदर जान्श यांचे किंवा फिलिपिन्समध्ये काम करणाऱ्या जेम्स डोरान-वेब यांचे पूर्णाकृती घोडे पाहा. तिथे प्रत्येक फांदी स्नायूच्या दिशेनं बसवलेली दिसते. अमेरिकेच्या डेबोरा बटरफील्ड लाकडाचा घोडा रचतात, मग एकेक तुकडा काशात ओतून घेतात, कारण उघड्यावर लाकूड टिकत नाही. तुम्हाला बागेत ठेवायचं असेल तर ही गोष्ट आधीच लक्षात घ्या. कोकणच्या पावसात उघड्यावरचं काष्ठशिल्प फार वर्षं राहणार नाही.

हत्यारं मोजकी पण धारदार हवीत. दोन-तीन पटाश्या, कानस, बारीक दात्यांची करवत, हातगिरमिट किंवा ड्रिल, काचकागद, आणि घासायला नायलॉनचा किंवा पितळी ब्रश. पोलादी ब्रशाचे कण लाकडात राहून काळे पडतात. तुकडे जोडायचे तर आधी सुतळीनं सैल बांधून रचना उभी करा, चारही बाजूंनी पाहा, मगच भोकं पाडा. सांधा बांबूच्या किंवा सागाच्या खुंटीनं करावा. स्क्रू लागलाच तर ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळी घ्या, खाऱ्या हवेत साधा टिकत नाही. फटींत ॲराल्डाइटमध्ये त्याच लाकडाचा भुसा कालवून भरा.

शिल्प दोरीनं टांगून तोल कुठे आहे ते पाहा आणि त्या रेषेत बैठक द्या. बैठकीला मला जांभा आवडतो. त्याला भोक पाडणं सोपं असतं आणि रंगानं तो राखाडी लाकडाला उठाव देतो. तेल द्यायचं तर जवसाचं, अगदी पातळ, आणि एकच हात पुरे. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बैठकीखाली एक चिठ्ठी चिकटवा: लाकूड कुठल्या पुळणीवर मिळालं, महिना, लाकडाची जात, कुठलं द्रावण आणि तेल वापरलं. पुढे कुणाला दुरुस्ती करावी लागली तर ती उपयोगी पडते. आणि पहिला पावसाळा शिल्प तुमच्याच घरात, रोज नजर पडेल अशा जागी राहू द्या. जून ते सप्टेंबरात त्याला पाणी सुटलं तर मीठ राहिलंय, पीठ पडलं तर कीड राहिलीय, आणि दोन्ही वेळा त्याला पुन्हा पिंपाकडे किंवा फ्रीझरकडे न्यावं लागेल. कुणाला भेट द्यायचं किंवा विकायचं, ते त्यानंतर ठरवा.