सोनं गहाण टाकायच्या आधी दुकानाचे कागद कसे बघायचे (बेळगाव, खानापूर, निपाणीवाल्यांसाठी)

आमच्या आत्तीनं लेकीच्या फीसाठी पाटल्या गहाण टाकल्या होत्या, ५० हजाराला, शेकडा तीननं. सोडवायला गेली तर दुकानदार म्हणतो मुदत संपली, मोडल्या. हातात काय तर वहीतनं फाडलेली एक चिठ्ठी. भिंतीवर महापालिकेचं लायसन फ्रेम करून लावलेलं मी बघितलं होतं म्हणून तडक महापालिकेत गेलो, खरं तिथं सांगितलं की हे लायसन जागेचं नि धंद्याचं, व्याज आणि दागिना आमच्याकडं येत नाही. दोन महिने चुकीच्या दारात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

तर पहिलं हे पक्कं करा की गहाणाच्या दुकानाचे कागद दोन आहेत आणि ते दोन वेगळ्या ऑफिसातनं येतात.

एक ट्रेड लायसन. हे जिथं दुकान आहे तिथली स्थानिक संस्था देते. बेळगाव शहराच्या ५८ वॉर्डात असेल तर महापालिका, कॅम्पात असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड, हिंडलगा-कंग्राळीकडं ग्रामपंचायत, निपाणीत नगरपालिका, खानापुरात पट्टण पंचायत. कॅम्प आणि शहर यात रस्त्याच्या या बाजूला एक नियम, त्या बाजूला दुसरा, म्हणून आधी हद्द विचारून घ्या. हे लायसन मार्चअखेरपर्यंतचं असतं, एप्रिलपासून नवं, त्यामुळं त्यावरचं वर्ष बघा. या लायसनात जागा, स्वच्छता, आग, शेजाऱ्यांना त्रास एवढंच बघतात. हॉटेल असो, पिठाची गिरण असो, वडगावातला माग असो, तेच.

दुसरा आणि खरा महत्त्वाचा कागद म्हणजे पॉनब्रोकर लायसन, म्हणजे दागिना गहाण घेऊन पैसे द्यायचं लायसन. हे राज्याच्या १९६१ च्या पॉनब्रोकर कायद्याखाली सहकार खातं देतं, म्हणजे सोसायट्यांचे जे सहायक निबंधक असतात तेच. बिनतारण व्याजानं पैसे देणाऱ्याला त्याच वर्षीचा सावकारी कायदा लागतो. महापालिकेचं लायसन आहे म्हणून गहाण घ्यायची परवानगी आहे असं होत नाही, आणि हेच आम्हाला माहीत नव्हतं.

दुकानात गेल्यावर सरळ विचारा, "पॉनब्रोकर लायसन दाखवा की." त्यावर नाव, पत्ता, मुदत बघा. पत्ता दुसऱ्याच गल्लीतला असेल तर तिथनं उठा. कुणी तोंड वाकडं केलं तर करू दे, दागिना तुमचा आहे.

मग व्याज. कर्नाटकात तारण कर्जाला वर्षाला १४ टक्के आणि बिनतारणाला १६ टक्के ही सरकारनं ठरवलेली वरची मर्यादा आहे. आपल्याकडं मात्र बोलणं शेकड्यात होतं म्हणून आकडा कळत नाही. शेकडा तीन म्हणजे महिन्याला शंभराला तीन, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. आत्तीच्या ५० हजारावर १४ टक्क्यानं वर्षाला ७ हजार होतात, तिनं भरले १८ हजार. शेकडा दीड म्हटलं तरी १८ टक्के होतात, म्हणजे तेही वरच. जादा व्याजासाठी २००४ चा वेगळा कायदा आहे, आणि वसुलीला धमकी, दारात बसणं, अंगावर येणं हे प्रकार असतील तर २०२५ पासून मायक्रो लोनवाल्या नव्या कायद्यात १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे.

पावती घेतल्याशिवाय दागिना हातातनं सोडू नका, हे मी हात जोडून सांगतो. वजन, दागिन्याचं वर्णन, रक्कम, व्याजदर, तारीख, मुदत सगळं त्यावर पाहिजे. नव्या दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर असतो, तो लिहून घ्या, आणि द्यायच्या आधी काट्यावर ठेवलेल्या दागिन्याचा मोबाईलवर फोटो काढा. मुदत संपली म्हणून दुकानदारानं गुपचूप मोडून टाकायचं नसतं, त्याला लिलावाची रीत आहे.

मोठ्या गोल्ड लोन कंपन्यांचं वेगळं, त्या आरबीआयखाली येतात, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की राज्यांचे सावकारी कायदे त्यांना लागू नाहीत. तिथली तक्रार आधी कंपनीत, मग आरबीआयच्या लोकपालाकडं. आणि निपाणीवाले कागलला, इकडचे चंदगडला जातात, तिथं महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा चालतो, बेळगावच्या ऑफिसात जाऊन उपयोग नाही.

ज्यांना दुकान काढायचंय त्यांनी लेबर खात्याची शॉप्स अ‍ॅक्ट नोंदणी पण करायची, आणि बोर्डावर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या भागात, हा नियम आता आहे. कुणी सोनं आणलं तर ओळखपत्र आणि नोंद ठेवाच, चोरीचा माल निघाला तर पोलीस जप्त करतात आणि जाणूनबुजून घेतला असं दिसलं तर गुन्हा.

तक्रार कुठं? जागेचा त्रास असेल तर महापालिका. लायसन नाही, जादा व्याज, पावती नाही, दागिना परत देत नाही, तर सहायक निबंधक, आणि फसवणूक वाटली तर पोलीस स्टेशन पण. दुकानाला लायसन आहे का नाही हे कळत नसेल तर आरटीआय टाका, १० रुपये फी, ३० दिवसात उत्तर. कन्नड येत नाही म्हणून आपले बरेच लोक अर्जच देत नाहीत, खरं राज्यघटनेच्या कलम ३५० मध्ये गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडता येतं असं लिहिलंय. मी आत्तीचा अर्ज मराठीत लिहिला, खाली शेजारच्या पोराकडनं कन्नडमध्ये चार ओळी लिहून घेतल्या म्हणजे टेबलावर अडायला नको. दोन प्रती करा, एकीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. "पोच नंतर देतो" म्हटलं तर तिथंच बाकावर बसून राहा.